यादीत नसलेली आवळणी

बंगळूरच्या जुन्या मराठी वस्तीत ज्याचा मूळपुरुष सरदार नव्हता असं घर सापडणं कठीण. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर जे इकडे उतरले ते म्हणे एकजात सरदार. घोड्यांना खरारा करणारे, भाकऱ्या थापणारे आणि तंबू ठोकणारे बहुधा वाटेतूनच परत फिरले असावेत. त्यामुळे खंडेनवमीला श्रीरामपुरातल्या गल्लीत घरोघरी माळ्यावरून एकेक गंजकी तलवार खाली येते, तिला खोबरेल फासलं जातं, आणि दुपारपर्यंत तिनं मारलेल्या माणसांचा आकडा मागच्या वर्षापेक्षा चार-पाचनं वाढलेला असतो. रघुजी रावांच्या घरी तलवार नव्हती. त्यांचा मूळपुरुष तंबूचे दोर आवळायच्या कामावर होता आणि रघुजी हे चारचौघांत न विचारता सांगत. अशा माणसाला समाजाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत कोण बसवणार?

त्यांच्या बायकोचं, सोयराबाईंचं माहेर होसकोट्याचं. त्या घरात दोन तलवारी होत्या, एक पूजेला आणि एक सांगायला. लग्नाला तीस वर्षं झाली तरी दर खंडेनवमीला सोयराबाई एकदा तरी विचारायच्या, ‘‘आणि तुमी काय पूजणार? दोर?’’ रघुजी हसायचे आणि पिशवी उचलून कामावर जायचे. कारण त्यांचं शस्त्र कारखान्यात होतं.

कारखाना यशवंतपूरला, रेशमी कापड रंगवायचा. मालक पद्मनाभय्या. रघुजी तिथे एकतीस वर्षं फिटर. रंगाचं उकळतं पाणी टाकीतून मशीनकडे जाड रबरी नळीतून जायचं, आणि जिथे ती नळी लोखंडी पाइपावर चढवलेली असते तिथेच नेहमी माशी शिंकायची. बाजारची क्लिप लावली की आठ दिवसांत रंगाच्या औषधांनी तिचा स्क्रू खाल्ला जायचा, वाफेनं रबर मऊ पडायचं, आणि नळी निसटून कुणाच्या तरी पायावर पाणी. पक्कडीनं तार पिळून बघावी तर ती एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल. १९७८ साली एका जोडीदाराचा पाय गुडघ्यापर्यंत भाजला. तो इस्पितळात पडून होता त्या पंधरवड्यात रघुजींनी मोडक्या व्हॉल्वची दांडी, तिच्यावर बसेल अशी एक बारीक नळी आणि दोन कानांचा नट एवढ्या भांडवलावर आपलं हत्यार केलं. त्याला ते आवळणी म्हणत.

दिसायला आवळणी काहीच नव्हती. वीतभर लांबीची आटे पाडलेली दांडी, तिच्या टोकाला खाच, दांडीवर मागेपुढे सरकणारी एक नळी, त्या नळीला दोन शिंगं, आणि मागे तो कानांचा नट. बाइंडिंग वायर दुमडून पाइपाला दोन वेढे द्यायचे, मोकळी टोकं दुमडीच्या डोळ्यातून ओवून शिंगांना अडकवायची, दांडीचं टोक त्या डोळ्यावर टेकवायचं आणि नट फिरवायचा. शिंगं मागे सरकत जातात, तार ताणत जाते आणि रबर चहूकडून सारखं दबतं. मग आवळणी अख्खी पालथी करायची. तार डोळ्यावरून मोडून स्वतःलाच अडकून बसते, आणि उरलेली टोकं तोडून टाकायची. पुढे पाइप कुजेल, पण तार हलणार नाही. त्या दिवसानंतर सोळा वर्षांत कारखान्यात कुणाचाही पाय भाजला नाही. याची नोंद मात्र कुठेच नव्हती, कारण न भाजलेल्या पायांची नोंद ठेवायची कुठल्याही कारखान्यात पद्धत नाही.

आवळणीची कीर्ती पसरली. यार्डातले लॉरीवाले रेडिएटरची नळी दाखवायला यायचे, शेजारच्या बिस्किटवाल्याचा बॉयलरवाला यायचा. घरी तर कहर होता. छत्रीची मूठ, खाटेचा पाय, तव्याचा कान, सगळं तारेनं आवळलेलं. सोयराबाई शेजारणीला म्हणायच्या, ‘‘यांच्या पुढं जास्ती वेळ एका जागी उभं राहायला भ्या वाटतंय, अक्का.’’

आणि दर वर्षी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीलाच, कारखान्यातल्या लांब टेबलावर पाने, हातोड्या, करवती मांडल्या जायच्या तेव्हा पहिल्या रांगेत मधोमध आवळणी असायची. कारखान्याचे पुरोहित भीमाचार्य तिला कुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे. रघुजी हात जोडून उभे राहायचे आणि त्या दहा मिनिटांत त्यांना होसकोट्याच्या दोन्ही तलवारी किरकोळ वाटायच्या. घरी येऊन ते काही बोलत नसत, पण चालण्यात फरक पडायचा. सोयराबाईंना तो कळायचा.

१९९४ साल उजाडलं आणि पद्मनाभय्यांना जर्मनीची ऑर्डर हवीशी झाली. त्या वेळी सगळ्या यशवंतपुरालाच काहीतरी परदेशी हवंसं झालं होतं. जर्मनांना आयएसओचं सर्टिफिकेट लागत होतं, आणि सर्टिफिकेट मिळवून द्यायला पुण्याहून यशोवर्धन नावाचा तिशीतला क्वालिटी मॅनेजर आला. जे. पी. नगरला भाड्याचं घर, गळ्यात टाय, हातात क्लिपबोर्ड. रघुजींना कोण आनंद! एकतीस वर्षांनी वरच्या खुर्चीवर आपल्या भाषेचा माणूस. पहिल्याच दिवशी ते केबिनच्या दारात उभे राहिले.

‘‘नमस्कार साहेब. आमी पण मराठीच की.’’

‘‘अरे वा, काका! तुमचं मराठी किती क्यूट आहे हो,’’ यशोवर्धन म्हणाला, आणि पुढे तासभर त्यानं त्यांच्याशी हिंदीत कामाची माहिती घेतली.

मग कारखान्यात आकड्यांची साथ आली. जे करता ते लिहा आणि जे लिहिलंय तेच करा, हे वाक्य फळ्यावर रंगवण्यात आलं. पान्यांना नंबर मिळाले, बादल्यांना मिळाले, जिन्याखालच्या केरसुणीलाही मिळाला. अमुक इतके दिवस वापरल्यावर केरसुणी तपासून घ्यावी असा कागद निघाला आणि तिच्या तपासणीसाठी वही घातली गेली. हे सगळं पुरं होईपर्यंत महिनाभर कुणी केर काढला नाही, कारण नंबर नसलेल्या केरसुणीनं झाडणं नियमबाह्य होतं.

यादी करत करत यशोवर्धन आवळणीपाशी आला.

‘‘हे काय आहे? मेकर कोण याचा?’’

‘‘मीच, साहेब.’’

‘‘तसं नाही काका, कंपनी. कॅटलॉग, ड्रॉइंग, कॅलिब्रेशन, काहीतरी असेलच ना?’’

रघुजींनी शांतपणे एका पाइपावर तार चढवली, नट फिरवला, आवळणी पालथी केली आणि दोन्ही हातांनी नळी ओढून दाखवली. हललीसुद्धा नाही. ‘‘हे हाय की,’’ ते म्हणाले.

यशोवर्धननं मान डोलावली. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. त्यानं आवळणीला तांबडं लेबल लावलं, त्यावर ‘वापरू नये’ असं तीन भाषांत लिहिलं आणि हत्यार रघुजींच्या हातात देऊन म्हणाला, ‘‘हे घरी घेऊन जा. कुठे सापडलं तर प्रॉब्लेम.’’ आठवड्याभरात सगळ्या जोडांवरच्या तारा तोडून तिथे चकचकीत स्टीलच्या क्लिपा बसल्या. प्रत्येक क्लिपेला नंबर होता.

रघुजींनी तेही पचवलं. जानेवारीअखेर ते रिटायर होणार होते, तीन-चार महिन्यांसाठी वाद कशाला? त्यांना एकच गोष्ट हवी होती. ही त्यांची कारखान्यातली शेवटची आयुधपूजा, आणि त्या दिवशी आवळणी आपल्या जागेवर असावी.

‘‘वापरत न्हाई मी, ठीक हाय. पण पूजेला ठेवू दे, साहेब.’’

‘‘काका, त्याच दिवशी मद्रासहून ऑडिटर येतायत. टेबलावरची मांडणीसुद्धा लिस्टप्रमाणे होणार. लिस्टच्या बाहेरची वस्तू दिसली की गेलंच सर्टिफिकेट.’’

रघुजी मालकांकडे गेले. पद्मनाभय्यांचा त्यांच्यावर जीव होता. त्यांनी कॉफी मागवली, बायकापोरांची चौकशी केली, आवळणीच्या आठवणी निघाल्या तसे डोळेही पुसले आणि शेवटी म्हणाले, ‘‘रघण्णा, ह्या एका वर्षी स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.’’ जरा जमवून घ्या, एवढाच त्याचा अर्थ, पण या गावात या वाक्यापुढे अपील चालत नाही.

घरी आल्यावर रघुजी जेवले नाहीत. एरवी टोमणे मारणाऱ्या सोयराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘केरसुणीला कुंकू लावणार आणि हिला न्हाई? तुमी घेऊन तर जावा उद्या. डब्याच्या पिशवीत राहू दे. देवाला काय पिशवीच्या आतलं दिसत न्हाई?’’

तेव्हा आयुधपूजेच्या दिवशी आवळणी कारखान्यात होती, पण चित्रान्नाच्या डब्याखाली.

दाराला केळीचे खुंट बांधले होते, मशिनींना विभूतीचे पट्टे ओढले होते, टेबलावर नंबराप्रमाणे हत्यारं. भीमाचार्य एकेका हत्याराला कुंकू लावत पुढे सरकत होते आणि त्यांच्या मागोमाग यशोवर्धन यादीवर खुणा करत. मध्ये एकदा भीमाचार्यांनी सवयीनं पहिल्या रांगेच्या मधोमध हात नेला, तिथे नंबर लावलेली तेलाची बुधली होती. त्यांनी क्षणभर रघुजींकडे पाहिलं आणि बुधलीला कुंकू लावलं. लहान मुलाला पंगतीतून उठवल्यावर त्याच्या बापाला जसं वाटेल तसं रघुजींना वाटत होतं आणि ते लपवायला ते मागे खांबाआड जाऊन उभे राहिले.

आरती झाली, दारात कोहळा फुटला, चुरमुरे-डाळं वाटलं. भीमाचार्यांनी नेहमीप्रमाणे बजावलं की उद्या सकाळची उत्तरपूजा होईपर्यंत टेबलावरच्या कुठल्याही आयुधाला हात लावायचा नाही. हा नियम सगळ्यांना पाठ होता. सत्याऐंशी साली कुणीतरी पूजेतला हातोडा उचलला होता आणि महिन्याच्या आत बॉयलर फुटला होता. पद्मनाभय्या तेव्हापासून त्या दिवशी टेबलाच्या सावलीतूनसुद्धा जात नसत.

प्रथेप्रमाणे मुहूर्ताला मोठं मशीन पाच मिनिटं चालवायचं असतं, तेही रिकामं. पण सोबत ऑडिटर होते, पांढराशुभ्र सफारी घातलेले. पद्मनाभय्यांना जोर चढला. त्यांनी जर्मनीला पाठवायच्या नमुन्याचं चारशे मीटर रेशीम मशिनीत चढवून ठेवलं होतं. बटण दाबलं. कुंकवासारखा लाल रंग नळीतून वाहू लागला, रेशीम फिरू लागलं, ऑडिटरनी ‘गुड, गुड’ म्हटलं, आणि तिसऱ्या मिनिटाला नंबर सत्तेचाळीसची क्लिप सटकली.

नळी निसटून फणा काढल्यासारखी उभी राहिली. पहिला फवारा पद्मनाभय्यांच्या जरीच्या पंच्यावर, दुसरा पांढऱ्या सफारीवर, तिसरा फळ्यावरच्या वाक्यावर. पाणी अजून पुरतं तापलं नव्हतं आणि रघुजींनी धावत जाऊन व्हॉल्व बंद केला, म्हणून कुणी भाजलं नाही. पण रंग थांबला होता आणि रेशीम आत तसंच भिजत उभं होतं. दहा मिनिटांत रंग पुन्हा सुरू झाला नाही तर कापडावर नकाशे उठणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

‘‘स्क्रू ड्रायव्हर! क्लिप घट्ट करा!’’ यशोवर्धन ओरडला आणि टेबलाकडे धावला. भीमाचार्य दोन्ही हात पसरून आडवे झाले. ‘‘साहेब, आयुधं बसलीत. उद्या सकाळी.’’

‘‘अहो, इमर्जन्सी आहे!’’

‘‘देवीला सांगू का, इमर्जन्सी आहे म्हणून?’’

यशोवर्धननं मालकांकडे पाहिलं. लाल रंग निथळत असलेले पद्मनाभय्या म्हणाले, ‘‘हात लावायचा नाही. बॉयलर फुटतो.’’ कारखान्यातलं झाडून सगळं हत्यार यादीत होतं, यादीतलं सगळं टेबलावर होतं, आणि टेबलावरचं सगळं देवीच्या ताब्यात होतं. कारभार इतका चोख कधी झाला नव्हता.

तेवढ्यात पद्मनाभय्यांना आठवलं. ‘‘रघण्णा! तुझी ती?’’

‘‘पिशवीत हाय.’’

‘‘आचार्य, ती पूजेत नाही ना?’’

‘‘नाही. ठेवूच दिली नाही,’’ भीमाचार्य जरा जोरातच म्हणाले.

‘‘म्हणजे शास्त्राप्रमाणे चालेल?’’

‘‘ज्याची पूजा नाही ते आयुध नव्हे. खुशाल चालेल.’’

मालक यशोवर्धनकडे वळले. त्यानं घाम पुसून क्लिपबोर्ड चाळला. ‘‘तसं बघितलं तर लिस्टमध्ये नाही म्हणजे ते टूलच नाही. मग टूल वापरल्याचा प्रश्नच येत नाही.’’

शास्त्राचं आणि यादीचं एकमत झाल्यावर सगळे रघुजींकडे बघू लागले. रघुजी जागचे हलले नाहीत. त्यांच्या मनात खरोखर आलं की म्हणावं, यादीत नाही ती घरी राहिली. म्हणावं, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणाचं तरी वाईट व्हावंसं वाटलं, आणि बरं वाटलं. मग त्यांची नजर काचेतून आतल्या रेशमावर गेली. अर्ध्यापर्यंत लाल, पुढे गुलाबी. त्या बिचाऱ्या कापडानं काय केलं होतं?

त्यांनी डबा बाजूला ठेवून आवळणी काढली. तारही भांडारात, म्हणजे कुलपात. रघुजींनी दारातल्या केळीच्या खुंटाची तार सोडली, खुंट आडवा झाला तो होऊ दिला, तार दुमडली, वेढे दिले, टोकं ओवली. नट फिरू लागला तसा बारीक करकर आवाज सगळ्या कारखान्यात ऐकू येत होता. आवळणी पालथी झाली. ‘‘सोडा,’’ ते म्हणाले. व्हॉल्व उघडला. नळी फुगली, थरथरली आणि थेंबभरही गळली नाही. रेशीम फिरायला लागलं.

ऑडिटर लाल झालेल्या सफारीनिशी खाली वाकून जोड बघत होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, ‘‘उत्तम हत्यार आहे. याचा नंबर काय?’’ यशोवर्धनचा चेहरा पडला. नंबर नाही म्हटल्यावर ऑडिटरनी वहीत लिहिलं की इतकं महत्त्वाचं हत्यार यादीत नसणं ही गंभीर उणीव आहे आणि ती आजच्या आज दूर व्हावी.

दुपारपर्यंत आवळणीचं ड्रॉइंग झालं, तिच्यावर दोनशे बारा नंबर रंगवला गेला, आणि बुधलीला धक्का न लावता आवळणी तिच्याशेजारी पहिल्या रांगेत मधोमध बसली. भीमाचार्यांनी कुंकू जरा जास्तच लावलं. यशोवर्धननं तीन पानी इंग्रजी कागद पुढे केला. मेकर या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं ‘रघुजी राव, फिटर’ असं लिहिलं होतं. रघुजींनी तेवढी ओळ दोनदा वाचली आणि बाकी काही न वाचता तिन्ही पानांवर सह्या केल्या. त्या संध्याकाळी ते श्रीरामपुरातल्या गल्लीतून असे चालत गेले की तलवारवाले ओट्यावरून उठून बघू लागले. सोयराबाईंना त्यांनी सगळं दोन वेळा सांगितलं.

सर्टिफिकेट आलं, जर्मनीची ऑर्डर आली, आणि जानेवारीही आला. निरोपाला हार, शाल, नारळ झाला. पद्मनाभय्या भाषणात गहिवरले. रघुजींनी मग दोनशे बारा नंबर कापडात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि गेटकडे निघाले. गेटवरच्या माणसानं पिशवी बघितली, यादी बघितली, आणि केबिनला फोन केला.

यशोवर्धन स्वतः धावत आला. ‘‘काका, ती कंपनीची आहे. तुम्हीच सही केलीय ना, दुसऱ्या पानावर. स्टोअरला जमा म्हणून.’’

रघुजींना आधी कळलंच नाही. ‘‘मी केलेली हाय ती, साहेब.’’

‘‘हो ना. तेही लिहिलंय, पहिल्या पानावर.’’ यशोवर्धनला खरंच वाईट वाटत होतं. त्यानं आवाज खाली आणला. ‘‘एक मार्ग आहे. हा फॉर्म. हत्यार निकामी झालंय, उपयोगाचं राहिलं नाही, असं फिटरनं लिहून दिलं की ते भंगारात निघतं. भंगार तुम्ही नेऊ शकता. फक्त सही करा. नुसतं कागदावर हो!’’

‘‘तुमच्यात कागदावरचंच खरं असतंय की,’’ रघुजी म्हणाले.

त्यांनी पेन हातात घेतलं. गेटवरचा माणूस दुसरीकडे बघू लागला. आत कुठेतरी मशीन चालू होतं आणि जोडांवरून पाणी सुरळीत वाहत होतं. कारण क्लिपा काढून त्यांनीच तीन महिन्यांत एकूण एक जोड तारेनं आवळून दिला होता. पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. मग त्यांनी ते टोपण लावून परत केलं, आवळणी कापडातून काढून यशोवर्धनच्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘‘नटाला महिन्यातनं एकदा तेल घाला. लिहून ठेवा.’’

घरी सोयराबाईंनी देवापुढे जागा पुसून, पाट मांडून, हळद-कुंकू तयार ठेवलं होतं. माहेरच्या तलवारीला घालतात तसा झेंडूचा हारही आणला होता. त्यांनी पिशवी घेतली, शाल काढली, नारळ काढला, आणि पिशवी उलटी करून झटकली.

‘‘आवळणी कुठं हाय?’’

‘‘कामावर,’’ रघुजी म्हणाले. ‘‘रिटायर मी झालोय.’’

एवढं बोलून ते पाटासमोर बसले आणि बायकोदेखत हुंदके देऊन रडले. थोड्या वेळानं सोयराबाईंनी रघुजींचा उजवा हात धरून पाटावर ठेवला आणि त्याच्या घट्टे पडलेल्या अंगठ्याला कुंकू लावलं.